नुफाब्लेंचा बिनसहीचा अभिप्राय

क्रिस्पुलो नुफाब्ले निवृत्त झाले तरी जर्नलवाल्यांनी त्यांना सोडलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा शोधनिबंध यायचा, लेखकाचं नाव काढून टाकलेला. नुफाब्लेंनी तो वाचायचा, चुका काढायच्या आणि छापावा की नाही ते कळवायचं. खाली सही नाही, मानधन नाही, कुणाजवळ बोलायची सोय नाही. लेखकाच्या मनातल्या शिव्या मात्र हक्काच्या. "फुकट राबून शत्रू कमवायचे, हा छंद तुझाच," असं त्यांची बायको पासिंग म्हणायची. तरी सकाळी भात आणि सुका मासा खाऊन ते लाल पेन घेऊन बसायचे.

त्यांच्या नावावर मोठं असं एकच काम होतं. पावसाने पाणी गोडं झालेलं असताना बांगुस माशाची बोटाएवढी पिल्लं, म्हणजे बोटुकली, तळ्यात सोडली तर मरतात, हे त्यांनी तीस वर्षांपूर्वी प्रयोगाने दाखवलं होतं. तेव्हापासून इलोइलोच्या किनाऱ्यावरचे तळीवाले पावसाळ्यानंतर महिनाभर हातावर हात ठेवून बसतात. त्याला 'नुफाब्लेंचा महिना' असंच म्हणतात. म्हाताऱ्याला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

जूनमध्ये आलेल्या निबंधात लिहिलं होतं की हा महिना फुकट जातो. गोड्या पाण्यातही बोटुकली मजेत जगतात.

नुफाब्लेंचा तिळपापड झाला. हे माझ्याच कामाविरुद्ध आहे, दुसरा कुणी बघा, असं त्यांनी संपादिकाबाईंना कळवलं. बाईंनी लिहिलं की ते ठाऊक आहे, दुसरा समीक्षकही नेमला आहे, पण या पाण्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. मग त्यांनी निबंध ओळ न् ओळ तपासला आणि चूक सापडलीच. लेखकांनी खारटपणा मोजला होता तो वरवरच्या पाण्याचा. पावसाचं पाणी वर राहतं, तळाला खारंच असतं. बोटुकली खाली जाऊन बसली असतील. एवढ्यावर निबंध नाकारता आला असता. दोन दिवस ते नकाराच्या ओळी मनात घोळवत राहिले, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं. शेवटी लिहिलं ते वेगळंच. तळाशी कसं मोजायचं ते समजावून सांगितलं आणि प्रयोग पुन्हा करायला सुचवलं.

चार महिन्यांनी निबंध सुधारून परत आला. पाणी तळापर्यंत गोडं होतं आणि बोटुकली जिवंत होती. मग आपली का मेली? नुफाब्लेंनी जुनी वही काढली. खाऱ्या पाण्यातली बोटुकली त्यांनी सवय करून न देता एका संध्याकाळीच गोड्या पाण्यात टाकली होती. ती पाण्याने नव्हे, घाईने मेली होती. त्यांनी वही मिटली. तळीवाल्यांचा दर वर्षी एक महिना त्यांच्यापायी गेला होता. त्यांना लाज वाटली. अभिप्रायात त्यांनी लिहिलं, "जुन्या प्रयोगात बोटुकली एकाच संध्याकाळी गोड्या पाण्यात सोडली होती, म्हणून ती मेली. लेखकांनी हे स्पष्ट नमूद करावं. निबंध छापावा."

निबंध छापून आला त्या रविवारी त्यांचा जुना विद्यार्थी आर्नेल, आता स्वतःच प्राध्यापक, जर्नल घेऊन जेवायला आला. तीस वर्षांपूर्वी त्या प्रयोगाच्या बादल्या त्यानेच वाहिल्या होत्या. भात वाढेपर्यंतही त्याला दम निघेना.

"सर, तुमचं काम पार धुऊन काढलंय. वर कुणीतरी गाढव समीक्षक त्यांना शिकवतोय. शेवटी त्याचे आभार मानलेत बघा."

"असेल कुणी रिकामटेकडा," नुफाब्ले म्हणाले.

"म्हणे एका संध्याकाळीच गोड्या पाण्यात सोडली. आता सोडली होती, मान्य. मला आठवतंय ना, तुमची शेवटची जीप चुकत होती. पण सर, आपण ते निबंधात लिहिलंच नव्हतं. हे फक्त तुम्हाला आणि मला..."

आर्नेल थांबला. पासिंगने नवऱ्याकडे पाहिलं. समीक्षकाने तोंड उघडायचं नाही, हा नियम नुफाब्लेंनी जन्मभर पाळला होता. भाजलेल्या बांगुसच्या पोटाचा तुकडा ते कधी कुणाला देत नसत. तो त्यांनी उचलून आर्नेलच्या ताटात ठेवला.

"जेव," ते म्हणाले. "आणि तळीवाल्यांना सांग, या वर्षी महिना थांबू नका."