एक वर्षाचा की चार वर्षांचा

वर्ध्याच्या दवाखान्यात कामाला लागले तेव्हा माझ्याकडे नववीपर्यंतचं शिक्षण होतं, ते पण अर्धवट. घर सिंधुदुर्गात. आई अंथरुणाला खिळली म्हणून शाळा सुटली. ती पुन्हा चालायला लागली तोवर माझ्या वर्गातल्या मुली बारावीला पोचल्या होत्या. त्यांच्या मागे जाऊन बसायची लाज वाटली. मावसबहीण इथे नर्स होती. तिने शब्द टाकला आणि मी कान-वाचा विभागात मदतनीस झाले.

काम सोपं होतं. ऐकण्याची तपासणी होते त्या जाड दाराच्या खोलीत लहान मुलांजवळ बसायचं. तपासणाऱ्या मॅडम काचेपलीकडे मशीनवर. एवढी लहान मुलं कानाला लावलेलं काहीही उपटून फेकतात, म्हणून आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून सोडायचा. ‘टूं’ ऐकू आलं की मुलाने एक रंगीत कडी खुंटीत टाकायची. टाकली की मी टाळ्या वाजवायच्या.

हिंगणीहून एक चार वर्षांची मुलगी आली. दाराशी तिच्या वडिलांनी मला हळूच सांगितलं, “ताई, पास करून द्या हो पोरीले. बालवाडीत टाकाची हाय.”

पास. हा शब्द ऐकला की मला माझी सुटलेली शाळा आठवते. आत मुलगी कडी घट्ट धरून बसली. आवाज झाला, ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुन्हा झाला. तेच. वर्गात उभं करून प्रश्न विचारल्यावर मी अशीच बघायचे. पुढचा आवाज झाला तसा मी टेबलाखाली तिच्या गुडघ्याला हात लावला. तिने कडी टाकली आणि खुदकन हसली. मग आमचं जमलंच. आवाज, गुडघा, कडी. मी टाळ्या वाजवत होते आणि मला वाटत होतं, आज आपण एक चांगलं काम केलं.

मॅडमनी आवाज पार बारीक केला, तरी कड्या पडत राहिल्या. तेव्हा त्या उठून आत आल्या.

“तू जरा बाहेर बस.”

माझ्या जागी त्या स्वतः बसल्या आणि मशीनवर दुसऱ्या मॅडमना बसवलं. मी काचेतून बघत होते. मुलगी कडी धरून तशीच बसून राहिली. एकही खुंटी भरली नाही.

मॅडमनी बाहेर येऊन पोरीला ऐकू कमी येतं म्हणून सांगितलं, तसे काचेतून सगळं बघत बसलेले वडील चिडले. “आत्ता तं टाळ्या वाजून राह्यल्या होत्या! दोन मिनिटांत बहिरी कशी झाली माही पोरगी?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. बोलायचं मलाच होतं.

“दादा, कड्या तिने नाही टाकल्या. मी टाकायला लावल्या.”

“काऊन पण, ताई? असं कशाले केलं?”

मॅडमनी दिलेला तपासणीच्या आलेखाचा कागद त्यांनी माझ्याच पुढे धरला. “बरं, आता खरं सांगा. किती आयकू येते तिले?”

कागदावर गोल होते, रेघा होत्या. रोज मी ते कागद फाईलला लावायचे. त्यातलं एकही अक्षर मला कळत नव्हतं.

मॅडम मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आज हे पकडलं नसतं, तर तिच्या कानाच्या यंत्राला अजून वर्ष गेलं असतं. बोलायला शिकायच्या वयातलं वर्ष.”

मुलीला यंत्रं बसली. वडील दर आठवड्याला तिला बोलण्याच्या सरावाला घेऊन यायचे. हिवाळ्यात माझ्यासाठी तुरीच्या शेंगा आणायचे, आणि दरवेळी टोमणा मारायचे, “ताई, आज ढकलून पास तं करत नाई ना कोणाले?” त्यांनी माझी तक्रार केली असती तर मी तेव्हाच घरी गेले असते. त्यांचे उपकार मी विसरत नाही.

तो कागद स्वतः वाचता यावा म्हणून दहावी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. बारावी मुक्त विद्यालयातून, कारण कानाची तपासणी शिकायला सायन्स लागतं. फिजिक्सने रडवलं. दुसऱ्या खेपेला सुटलं.

आता प्रश्न आला, पुढे कुठे. मॅडमनी आधी एक वर्षाचा डिप्लोमा सुचवला. “लवकर हाताला काम मिळेल. तू चोवीस वर्षांची आहेस, मनावर उगाच ताण घेऊ नकोस.”

मी विचारलं, “डिप्लोमा केला तर तपासून निदानाखाली सही मी करेन?”

“नाही. मदत करशील.”

“मदत करून झाली, मॅडम.”

त्या हसल्या. मग चार वर्षांच्या डिग्रीची दोन कॉलेजं आम्ही निवडली. दोन्हीची मान्यता चालू आहे का, हे आधी बघितलं. मग रजा टाकून मी दोन्हीकडे जाऊन आले. एक चकचकीत, मशीनं नवी कोरी. विद्यार्थी पेशंटजवळ कधी बसतात, असं विचारलं तर ऑफिसातले म्हणाले, “ते नंतरचं नंतर, आधी हॉस्टेल तर बघा.” दुसऱ्या कॉलेजात हॉस्टेलच नव्हतं. पण ओपीडीत एक दुसऱ्या वर्षाची मुलगी एका लहान मुलाला तपासत होती आणि तिचं काहीतरी चुकलं. सर मागेच उभे होते. त्यांनी स्वतः काही सावरलं नाही. म्हणाले, “त्याच्या आईला तूच सांग.” ती पोरगी लालबुंद झाली, पण म्हणाली, “काकू, माझं चुकलं. पुन्हा करते.”

मी तिथेच बाकावर बसले आणि कॉलेजचं नाव वहीत लिहून घेतलं.

आईला फोन केला. ती म्हणाली, “चार वर्सां? तवसर म्हातारी होतलंस गो!” मग तिथल्या जेवणाची काळजी: “थंय भात तरी गावता मा?”

प्रवेशाचा फॉर्म भरायला सायबर कॅफेत गेले, तर तिथल्या दादाने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. “ताई, पसंतीचे अजून रकाने खाली हायेत. दोन-तीन कॉलेजं टाकून ठेवा, सेफ राह्यते.”

“एकच टाका.”

“आन् नाई लागलं तं?”

“पुढच्या वर्षी पुन्हा येईन. तुमच्याकडेच.”

त्याने मान हलवली आणि बटण दाबलं. प्रवेशाची यादी अजून लागायची आहे.