सहीसाठी सेमाडोहपर्यंत

बडनेऱ्याच्या फलाटावर सकाळी उतरलो, तेव्हाच मी दमलेलो होतो. सोबत हान्सेन साहेब होते. डेन्मार्कचे, साठीकडे झुकलेले, तेलगिरण्या उभारण्यात हयात गेलेले. वऱ्हाडात सरकीच्या तेलाचा कारखाना काढायचा, त्यासाठी यंत्रं आणि भांडवल त्यांचं येणार होतं. मी मुंबईच्या एका पेढीतला दुभाषी. महाराष्ट्र राज्य होऊन दुसराच हिवाळा होता.

साहेबांचे होऊ घातलेले भागीदार देवराव अकोल्याहून जीप घेऊन आले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "थकले काय? आजून तं काईच नाई झालं."

कारखान्याची जागा बडनेऱ्याबाहेरच होती. काळीभोर जमीन, वेचणी संपलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) वाऱ्यावर खडखडत होत्या. देवरावांची अकोल्याला जिनिंग (कापसातून सरकी काढायची गिरणी) होती. कापसाचा हंगाम सरला की तिथल्या बाया बाकीचं वर्ष मिळेल ते काम शोधत फिरायच्या. "हा कारखाना बारा महिने चालन," देवराव म्हणाले. साहेबांनी त्यांच्याकडची सरकी दाताखाली चावून पाहिली आणि मान डोलावली. अडत होतं एवढंच, की शेतजमिनीवर कारखाना बांधायची परवानगी नव्हती.

त्यासाठी अमरावतीच्या कचेरीत गेलो. तिथले कारकून गवई, तिशीचे, कडक इस्त्रीच्या सदऱ्यातले. आम्ही बसायच्या आत त्यांनी फाईल काढली.

"देवरावजीनं अर्ज केला तवा आपण नागपूरच्या राज्यात होतो. मंग मुंबईच्या राज्यात गेलो, मंग महाराष्ट्र झाला. दोनदा नमुना बदलला, दोनदा मी नव्यानं भरून घेतला. कागद पूर्ण आहेत. सही तेवढी आमच्या साहेबांची पायजे."

"तुमचे साहेब कधी येतील?" मी विचारलं.

"पहाडातल्या सेमाडोहले गेले दौऱ्यावर. कवा येतीन, मले सांगता येत नाई. उद्या म्हणून खोटं काहून (का) सांगू?"

हे मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. हान्सेन साहेबांनी उठून गवयांशी हात मिळवला.

मग सहीच्या मागे आम्हीच निघालो. अचलपूर ओलांडून परतवाड्याला एका खानावळीत रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची झणझणीत भाजी जेवलो. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. पुढे घाटात जीप तापली. इंजीन निवेपर्यंत आम्ही सागाच्या सावलीत तासभर बसून राहिलो.

सेमाडोहच्या विश्रामगृहात अधिकारी भेटले. माणूस सभ्य होता. चहा दिला, कागद पानन् पान वाचले आणि हळूच म्हणाले, "सारं ठीक आहे. पण जुन्या अर्जावर नव्या राज्यात सही करायचा अधिकार मला आहे की नाही, हे वरून कळलेलं नाही. माझ्या आधीच्यांनी अशीच एक सही केली. ते अजून चौकशीला जातात."

साहेब म्हणाले, "मग नकार तरी लिहून द्या."

"नकार द्यायचा अधिकारही स्पष्ट नाही," अधिकारी म्हणाले. त्यांचा चेहरा आमच्याइतकाच दमलेला होता.

परतताना घाटात साहेबांनी देवरावांना विचारलं, "उद्या तुमचा-माझा वाद झाला, तर कोर्टात निकाल लागायला किती वर्षं लागतील?"

मी मराठीत सांगितलं. देवराव गाडी चालवत होते. "माह्या बापानं लावलेला धुऱ्याचा (बांधाचा) दावा मी आजून चालवून राहिलो," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "हे नका सांगू, भाऊ. दोन-तीन वर्सं म्हणा. तुमच्या हाता-पाया पडतो."

मी बाहेर बघत राहिलो. जिनिंगमधल्या त्या बाया डोळ्यांपुढे आल्या, आणि घरी जायची घाईही होतीच. "दोन-तीन वर्षं," मी इंग्रजीत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला देवरावांकडे पाहुणचार झाला. वहिनींनी साहेबांना आग्रह करकरून वाढलं. स्टेशनवर देवराव जीपमधून सामान उतरवत होते, तेव्हा मी साहेबांना खरं काय ते सांगून टाकलं.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "त्यांचं उत्तर लांबलचक होतं आणि तुमचं चार शब्दांचं." पुढे म्हणाले, "दिरंगाई मी बऱ्याच देशांत सोसली आहे. गवई म्हणाले, माहीत नाही. त्या उत्तरावर मी वर्षभर थांबलो असतो. पण इथे माझे कान तुम्ही होतात. तेच खोटं ऐकवू लागले, तर मी इथे पैसा कोणाच्या भरवशावर घालू?"

देवराव आले. साहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि कारखाना होणार नाही, हे मला सांगायला लावलं. या वेळी मी एक शब्दही बदलला नाही. देवरावांनी हळूच हात सोडवून घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी बरे पोचा," आणि गेले.

मुंबईत पेढीने अहवाल मागितला. बदललेले नमुने, अडलेली सही, बापापासून लेकापर्यंत चालणारा दावा, सगळं मी सविस्तर लिहिलं. वाचून मालक म्हणाले, "छान लिहिलंत. चूक नेमकी कुठे होते ते कळतं." मी मान हलवली आणि खुर्चीत बसून राहिलो. घाटात जीपमध्ये मी जे खोटं बोललो, त्याबद्दल अहवालात एक ओळही नव्हती.