काळ्या गाडीवरचा सडा

चंद्रपुरात काळी गाडी घेऊ नये, हे चाचांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख पहाटे पहाटे खाली बसते. सकाळी बोनेटवर बोट फिरवलं तर आपलं नाव लिहिता येतं. पण चाचींना काळाच रंग हवा होता. चाचांची लाकडाची वखार होती, माणसं त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत, आणि ते चाचींच्या.

मी त्यांच्याकडे ड्रायव्हर होतो. गाव माझं कृष्णाकाठचं. सातवीतून शाळा सुटली आणि एका रस्त्याच्या कामावर लागून मी गडचिरोलीच्या जंगलात आलो. तिथे हिवतापाने गाठलं. बाकीची माणसं पुढच्या कामावर निघून गेली, मी दवाखान्यातच राहिलो. शेजारच्या खाटेवर चाचांचा एक कामगार होता. त्याच्यासाठी आणलेल्या खिचडीतली अर्धी चाचा मला वाढायचे. उठून बसायला लागलो तेव्हा म्हणाले, "घर जाएगा या काम करेगा?" घरी जायला तोंड नव्हतं. गाडी चालवायला त्यांनीच एकाला शिकवायला लावलं, लायसनही त्यांनीच काढून दिलं. म्हणून त्यांचं काहीही माझ्या हातून बिघडू नये, ही भीती तेव्हापासून माझ्या मनात घर करून होती.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात चाचा-चाची हजला निघाले. नवी गाडी माझ्या हवाली झाली. जाताना चाचा म्हणाले, "देख बेटा, ही राख नाही, काच आहे. कोरडं फडकं लावलंस तर गाडी गेली. आधी पाणी सोड, राख वाहून जाऊ दे, मग हात लाव."

पाणी कुठून आणू? मे महिन्यात त्यांच्या गल्लीतला नळ करंगळीएवढा यायचा. मी चंद्रपूर-मूल रस्त्यावरच्या एका खेड्यात खोली घेऊन राहायचो. गावाला मोठा तलाव होता आणि राख तिथवर येत नव्हती. चाचांना आधीच विचारून ठेवलं होतं, मी गाडी तिकडे नेली. घरमालक तलावात मासे धरायचे, घरमालकीणबाई ते बाजारात विकायच्या. दोघांनी अंगणात माझ्यासाठी लाकडाच्या बल्ल्या रोवून वर जांभळीचे डहाळे टाकले, गाडीपुरता मांडव केला. भाडं वाढवायचा एक शब्द नाही. सावली मिळाली, पाणी मिळालं. अंगण तेवढं मातीचं. वारा सुटला की धूळ भिंगरीसारखी फिरे आणि मी गाडी झाकायला खोलीतून बाहेर पळे.

बाई ते पळणं बघत होत्या.

एकदा मी चाचांच्या घराची दारं-खिडक्या बघायला एसटीने चंद्रपूरला गेलो. परत आलो तेव्हा दुपार कलली होती. अंगण गार, हिरवंगार दिसत होतं. बाई दारातच उभ्या होत्या.

"भाऊ, गाडीभवती मस्त सडा टाकला जी. आता धूळ उडनार नाई. तुमची चिंता पाहवत नाई मले."

मांडवाखाली गेलो. शेणाच्या पाण्याचे शिंतोडे चाकांपासून काचेपर्यंत उडाले होते. मांडवाखालीसुद्धा गाडीचा पत्रा हाताला चटका देत होता, त्यामुळे त्यांनी केव्हाच वाळून खपली धरली होती.

"सुंदर झालंय, बाई," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मागच्या पावसाळ्यात पुन्हा ताप आला तेव्हा त्याच बाईंनी मला पेज पाजली होती.

खपली खरवडायची हिंमत नव्हती, शेणात काडी असते, रेती असते. जुन्या धोतराच्या पट्ट्या भिजवून मी एकेका डागावर ठेवल्या. सुकल्या की पुन्हा भिजवायच्या. तळ्यावरून येणारे घरमालक थांबले.

"काऊन जी, ताप आला का हो तिले?"

मागून शेजारी म्हणाला, "डॉक्टरले बलवा. नाईतर चिंच लावा, देवाची भांडी कशी लखलख निघते."

मी हसलो आणि पुढची पट्टी भिजवली. बहुतेक डाग मऊ होऊन सुटले. मागच्या डाव्या दारावर, चाची बसतात त्या बाजूला, दोन पुसट गोल कडी मात्र राहिली. उजेडात गेलं की दिसायची, सावलीत गेलं की वाटायचं, नाहीतच.

आणि बाईंनी सडा रोजचा केला. नको म्हणणं मला जमेना. मग पहाटे बादलीची कडी वाजली की मी चादर घेऊन गाडी आणि बादलीच्या मधे उभा राहायचो.

"चादर वाळवून राह्यले का भाऊ? अजून दिवस तं उगवला नाई."

"हवा लागू द्यावी म्हटलं."

चाचा-चाचींना नागपूर स्टेशनवर आणायला गेलो तेव्हा मी गाडी मुद्दाम डावी बाजू भिंतीकडे करून लावली. काही उपयोग झाला नाही. हाजींना भेटायला आलेल्या माणसांचा लोंढा गाडीवर येऊन आदळला. ज्यांना चाचांपर्यंत पोचता येईना, ते बरकत म्हणून गाडीलाच हात लावून तो हात तोंडावरून फिरवू लागले. धुळीचे हात, अंगठ्यांचे हात. कोणीतरी टपावर ओला हार टाकला. माझ्या तोंडून निघालं, "जरा जपून, कोरडा हात नका लावू."

चाचांनी ऐकलं. हजला मुंडण केलेलं डोकं आणि उन्हाने काळवंडलेलं तोंड माझ्याकडे वळवून म्हणाले, "लावू दे रे."

बुटीबोरी मागे पडल्यावर मला राहवेना. सांगून टाकलं: सडा, पट्ट्या, दोन कडी, कुठल्या दारावर तेही. आरशात बघायची हिंमत झाली नाही. चाची म्हणाल्या, "शेण?" आणि पदराआड हसल्या की खोकल्या, कळलं नाही. चाचा पुढे वाकले.

"त्या बाईला काही बोललास?"

"नाही."

"बस." एवढंच म्हणाले. ते रागाचं की समाधानाचं, वरोरा येईपर्यंत मी ठरवत होतो.

घरी पोचल्यावर सामान उतरवलं आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मुझे कहाँ चलाना आता है? खिशात ठेव."

ठेवण्याआधी मी खिसा फाटका तर नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहिलं.