कूलरचं पाणी आणि बाबा

माझ्या आईला माझ्या बाबांचा संशय होता.
बाईवरून नव्हे. गांडुळांवरून.

आज सकाळी बाबा गेले, म्हणून सांगतेय.

ऐंशीच्या दशकाची अखेर. आई कॉलेजात झूऑलॉजी शिकवायची. बाबा नागपूरबाहेरच्या एका केमिकल कारखान्यात अकाउंट्सला. त्याच कारखान्याच्या नाल्याकाठच्या वस्तीत, विहिरीचं पाणी पिऊन पोरं आजारी पडायची.

आईने नाल्याकाठची गांडुळं तपासली. जिवाला त्रास झाला की त्याच्या पेशी काही खास प्रोटीन्स जास्त बनवतात. त्या गांडुळांत ती भरमसाठ निघाली.

कारखान्याचे साहेब हसले. "मॅडम, हे तर गरमीनंही होते ना? मे महिन्यात नागपुरात कोणाले त्रास नाही?"

मुद्दा खरा होता. म्हणूनच आई जास्त चिडली.

गरमीची सबब उरू नये म्हणून तिने आमचा एकुलता एक कूलर गांडुळांना दिला. नाल्याकाठची तिथल्याच मातीसकट एका कुंडीत, सक्करदऱ्याच्या आमच्या परसातली दुसऱ्या कुंडीत. दोन्ही थंड खोलीत, आणि आम्ही बाहेर घामाघूम!

कॉलेजच्या लॅबवर तिचा भरवसा नव्हता. घरावर तरी कुठे होता म्हणा.

रोज परतल्यावर तिला खोलीची कडी वेगळी लागलेली दिसायची. कुंड्यांवरची फडकी हललेली.

"तुझे बाबाच करून राहिले हे," ती मला म्हणाली. "नोकरी वाचवून राहिले."
"बाबा असं नाही करणार."
"तू चूप वं. कारखान्याचं मीठ खाते तो माणूस."

एके दिवशी ती कॉलेजला गेलीच नाही. मला घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड बसली.

भर दुपारी बाबा सायकलवर आले. कडी काढली. हातात बादली.
आईने माझं मनगट आवळलं.

बाबांनी कूलरच्या टाकीत पाणी ओतलं. मग फडकी भिजवून, पिळून, कुंड्यांवर नीट पसरली.

"काहून जी?" आई समोर उभी.

बाबा दचकले. "अवं, दुपारी टाकी सुकून जाते. मग गरम हवाच फेकते तो. अन् ते पुन्हा म्हणतीन, गरमीनं झालं."
"मले सांगितलं काहून नाही?"
"तुले पटलं असतं?"

आईने रिकामी बादली उचलली. मग हळूच म्हणाली, "नोकरी जाईन तुमची."
"गेली तर गेली. ते पोरं तेच पाणी पिऊन राहिले ना."

तपासणीत परसातली गांडुळं निवांत निघाली. नाल्याकाठची थंडाव्यातही त्रासलेली, म्हणजे दोष गरमीचा नव्हता, कारखान्याचा होता.
विहीर बंद झाली, वस्तीत नळ आला. बाबांची नोकरी गेली. पुढे ते किराणा दुकानांचे हिशेब लिहीत राहिले. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

आईचा स्वभाव काही बदलला नाही. आज डॉक्टरांनाही ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "नक्की ना?"

आता बाबांना हॉलमध्ये ठेवलंय. बाहेर ऊन रणरणतंय. शेजारचे काका कूलरमध्ये पाणी टाकायला उठले, तर आईने त्यांच्या हातून बादली काढून घेतली.
"राहू द्या. मीच भरीन. तुमचा भरवसा नाही."

ती अजून तिथेच उभी आहे, टाकीत हात घालून पाणी बघत.

बाबा, निवांत जा.
टाकी भरलेली आहे.