इलोनाचा लाल हातमोजा

इलोना साबादोशला कॉमिक्स वाचायचा भारी कंटाळा. वीस वर्षं आम्ही दोघी कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या एका कारखान्यात शेजारी बसून कॉमिक्सची पानंच रंगवली, तरी गोष्ट काय चाललीय ते तिला ठाऊक नसायचं. "ओदेत, कोण मेलं ते मला नको सांगूस, मला माझी पानं उरकू दे," म्हणायची.

पानं न्यूयॉर्कहून यायची. कुठे कुठला रंग, किती गडद, त्याचे आकडे वर लिहिलेले असायचे. आम्ही पारदर्शक शीटवर लालाचा थर वेगळा, पिवळ्याचा वेगळा, निळ्याचा वेगळा असा ब्रशने भरायचो. पुस्तकात लेखकाचं नाव, चित्रकाराचं नाव, अगदी संवादांच्या फुग्यांतली अक्षरं काढणाऱ्याचंही नाव. आमचं? हॅ!

एकोणसत्तर साली मॅडम नेटलचा अंक आमच्याकडे आला. चोरांना लुटणारी चोर ती. गळ्यापासून टाचेपर्यंत हिरवी, हातमोजेसुद्धा हिरवे. इलोनाने अंकभर तिच्या डाव्या मोज्यात लाल भरला.

"अगं बाई, डोळे फुटले का? हिरवा आहे तो!"

"असू दे. मार्तासाठी आहे."

मार्ता तिची अकरा वर्षांची पोर. त्याच हिवाळ्यात उकळत्या चरबीचं पातेलं तिच्या डाव्या हातावर सांडलं होतं. "हिनेच ओढलं, ऐकेल तर शपथ," असं इलोना ज्याला त्याला सांगे, पोरीच्या देखत. मार्ता मान खाली घाली. तो हात ती कोटाच्या खिशातून बाहेर काढत नसे. अंक छापून आला तेव्हा इलोनाने तिला तो दिला आणि सोबत एक विणलेला लाल हातमोजा. "बघ, हिचाही एकच लाल आहे." पोर तो घालून शाळेत जायला लागली. चार महिने ताठ मानेने गेली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

कंपनीची एक रीत होती. अंकातली चूक पकडून जो वाचक तिचं कारण जुळवून देईल, त्याचं पत्र छापायचं आणि त्याला बिल्ला पाठवायचा. कुणा दीडशहाण्याने लिहिलं, नेटलने नवऱ्याचा गळा चिरला आणि त्याच्या रक्तात तो हात बुडाला. संपादक रसेल टिंकमला ते इतकं आवडलं की लगेच तीच तिची जन्मकथा झाली. आणि शाळेतली कार्टी मार्ताला विचारायला लागली, "आज कुणाला मारून आलीस गं?" मार्ताने मोजा कचऱ्यात टाकला. हात परत खिशात गेला.

पुढे दर चार-पाच वर्षांनी नवा लेखक आणि नवी जन्मकथा. रक्ताचं ॲसिड झालं, ॲसिड गेलं आणि कुणा मेलेल्या जादूगाराचा हात तिला शिवून बसवला. कपड्यांचंही तेच. आधी पाठ उघडी झाली, मग पोट, मग मांड्या. एका वर्षी तर बाईच्या अंगावर साखळ्या आणि बूट, बस्स! आमच्या कनेटिकटच्या जानेवारीत फिरून दाखव म्हणावं. लाल मोजा मात्र टिकला, कारण दुकानात तिच्या बाहुल्या त्याच्यावरच खपायच्या.

टिंकम म्हातारा झाला, नावाजला, आणि मुलाखतीत सांगायला लागला, "कनेटिकटच्या आंधळ्या बायांनी चूक केली, मी तिचं सोनं केलं." मार्ता तोवर ॲरिझोनात राहत होती. तिने ते वाचलं आणि आईला फोन केला. "कामात चूक केलीस, आणि मला सांगितलंस की माझ्यासाठी केलं. किती खोटं बोलशील, आई?" त्यानंतर फोन बंद. नाताळचं कार्डही बंद.

म्हणून बहात्तराव्या वर्षी इलोना मला घेऊन हार्टफर्डच्या कॉमिक्स मेळाव्यात टिंकमच्या सहीच्या रांगेत उभी राहिली. पुढेमागे नेटलच्या वेषात नटलेल्या पाच-सहा पोरी, प्रत्येकीचा पोशाख वेगळ्या सालातला. इलोनाला टिंकमच्या हातची एक ओळ हवी होती, 'ती चूक नव्हती' अशी. ती मार्ताला पाठवायची, एवढंच.

दोन तासांनी नंबर लागला. "तो मोजा मी रंगवला. मुद्दाम," इलोना म्हणाली.

टिंकमने पेन खाली ठेवलं. "मुद्दाम? का बरं?"

"माझ्या पोरीचा हात भाजला होता. पातेलं..." ती अडखळली. "पातेलं मी आपटलं. नवऱ्याशी भांडण चाललं होतं. पोर मागे उभी होती, मला दिसलीच नाही. मग तिला सांगितलं, तूच ओढलंस. लहान होती, तिला पटलं."

इतक्या वर्षांत मलाही हे बोलली नव्हती बया.

टिंकमने तिचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि तिने आणलेल्या अंकावर लिहिलं, 'इलोनास, माझ्या सर्वांत भाग्यवान चुकीबद्दल.'

"अहो, चूक नव्हती हेच तर सांगतेय ती!" मी ओरडले. पण मागच्या माणसाने आपला अंक पुढे सरकवला होता.

दीड वर्षाने नेटलची नवी मालिका निघाली, लेखक टिंकम. नव्या पोशाखात मोजेच नाहीत, डावा हात उघडा, भाजलेला. नवी जन्मकथा ब्रिजपोर्टच्या स्वयंपाकघरातली. इलोनासारखीच हंगेरियन आई पोरीच्या हातावर जाणूनबुजून चरबी ओतते आणि सांगते, तूच ओढलंस. म्हणून पोर वाईट निघाली. नाव तेवढं बदललं होतं मेल्याने.

त्याच आठवड्यात मी इलोनाकडे कॉफीला बसले होते. फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालूच असतो.

"आई, तो अंक वाचला. मोजा माझ्यासाठीच होता. पटलं."

इलोना रडायलाच लागली. "बाळा..."

"थांब. पातेलं कुणी पाडलं?"

इलोनाने माझ्याकडे पाहिलं. मी हातवारे करून सांगत होते, टिंकमने रचलंय म्हण, त्याची खोडच आहे ती, तिला पटेल.

"मी," इलोना म्हणाली. "माझ्या हातून पडलं."

"बेचाळीस वर्षं मी माझ्याच हाताला शिव्या देतेय, आई. आणि तू सांगितलंस कुणाला? त्याला."