मावसाजी वाढायला उठतात

देवानं माणसाला दोन हात दिले ते एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात पळी धरता यावी म्हणून, अशी माझ्या मावशीच्या यजमानांची पक्की समजूत आहे. वडसा आणि आजूबाजूच्या गावांत आजवर लागलेल्या लग्नांपैकी निम्मी कोणाची होती ते मावसाजींना सांगता येणार नाही. पण वरण कुठे पातळ झालं होतं आणि बुंदी कुठे कमी पडली, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पोस्टातली नोकरी त्यांनी लग्नसराई सांभाळून केली. मुहूर्त, वरात, मानपान ही त्यांच्या लेखी पंगत बसवण्यासाठी काढलेली निमित्तं. मांडवात शिरले की आहेराचं पाकीट यजमानाच्या हातात कोंबायचं, बाह्या वर सारायच्या आणि थेट आचाऱ्याकडे जायचं. पहिल्या पंगतीला बसलेले मावसाजी आजवर कोणी पाहिलेले नाहीत. ते जेवतात शेवटी, वाढप्यांबरोबर, आणि तिथूनही मधेच उठून कोणाच्या तरी पानात भात टाकून येतात.

आग्रहाच्या बाबतीत हा माणूस निर्दय आहे. एका लग्नात मी पानावर दोन्ही हात आडवे धरले, तर त्यांनी आलू-वांग्याची भाजी शांतपणे माझ्या मनगटावर वाढली आणि वर म्हणाले, "हात काढ, नाई तं कोपरापर्यंत वाढीन." नकाराचं त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. "पहिला नाई लाजेचा, दुसरा रीतीचा. तिसरा खरा राहू शकते, पण आपन कायले इस्वास ठेवाचा?" मांडवात बुफे आला तेव्हा मावसाजी संपले असं आम्हाला वाटलं होतं. पण चंद्रपूरच्या एका हॉलमध्ये त्यांनी केटररच्या माणसाकडून गुलाबजामचं भांडंच काढून घेतलं आणि ताटं घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्यांमागे फिरू लागले. एक गृहस्थ निसटून बाहेर गाडीवर बसले होते. हेल्मेटची काच वर करून मावसाजींनी त्यांना गुलाबजाम भरवला. ते गृहस्थ पुढे आमच्या कोणत्याच लग्नाला आले नाहीत.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं मुंबईत कोर्टात सह्या करून लग्न केलं. मुलगा मंगळूरकडचा, तिच्याच ऑफिसातला. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी समोरच बसलो होतो. आता जातीवरून, मुलखावरून काय आकाश कोसळतं म्हणून नातेवाईक कान टवकारून होते. मावसाजींनी एवढंच विचारलं, "मंग जेवन?" सगळ्यांनी कॉफी घेतली, असं ती म्हणाली. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या हंगामात मावसाजी एकाही लग्नाला गेले नाहीत. आहेर माझ्या हाती पाठवत आणि दिवसभर ओसरीवर बसून राहत. मावशी असती तर तिनं त्यांना बोलतं केलं असतं. पण ती जाऊन बरीच वर्षं झाली. बापलेकीचं फोनवरचं बोलणं हवा-पाण्यावर आणि बीपीच्या गोळीवर येऊन थांबलं. बाबांना जावई पसंत नाही, अशी मुलीनं खूणगाठ बांधली.

शेवटी तिनंच त्यांना मुंबईला बोलावलं. एकटा जाणार नाही म्हणाले, म्हणून मी सोबत गेलो. जावयानं आम्हाला एका भारी जपानी हॉटेलात नेलं. आत टेबलं नव्हतीच. एक लांब लाकडी फळी, तिच्यापुढे उंच खुर्च्यांची एकच रांग आणि पलीकडे सुरी घेऊन उभा असलेला गंभीर आचारी. "इथे मेनू नसतो बाबा," मुलगी म्हणाली. "याला ओमाकासे म्हणतात. तो देईल ते खायचं, सगळं त्याच्यावर सोडायचं." मावसाजींचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला. "म्हंजे पंगतच म्हन ना!"

आचाऱ्यानं प्रत्येकापुढे भाताचा अंगठ्याएवढा मुटका ठेवला, त्यावर कच्च्या माशाची चकती. गावच्या बोडीतले, म्हणजे तळ्यातले मासे खाऊन वाढलेल्या मावसाजींनी मला हळूच विचारलं, "शिजवाचं राह्यलं का?" पण त्यांची खरी तक्रार वेगळीच होती. आचारी एकदा वाढून मागे सरला, तो कोणाला 'आणखी घ्या' म्हणेचना. मावसाजींनी जरा वेळ वाट पाहिली. मग स्वतःचा मुटका उचलून जावयाच्या बशीत ठेवला. "घ्या जवाईबापू." जावई गोंधळला, पण त्यानं खाल्ला. दुसरा आला, तोही गेला. तिसराही गेला. आचाऱ्याची सुरी थांबली. हॉटेलातली दोन माणसं येऊन आमच्यामागे अदबीनं उभी राहिली.

मुलीचा चेहरा उतरला. "बाबा, त्यानं एवढ्या प्रेमानं आणलं तुम्हाला आणि तुम्ही एक घास खाल्ला नाहीत. तो पसंत नसेल तर एकदा तोंडावर सांगा ना."

मावसाजी तिच्याकडे वळले. "पसंत नाई तं वाढून काऊन राह्यलो मी त्याले?" आवाज चढला होता, तो एकदम खाली आला. "गावातल्या साऱ्या पोरींच्या लग्नात वाढलं वं मी. तुह्या लग्नात एक शीत नाई वाढलं. जवाई माह्या हातचं जेवलाच नाई, तं मी त्याले जवाई कसा म्हनू?"

जावयाला मराठी बेताचंच कळतं, पण जेवढं कळायला हवं तेवढं कळलं असावं. त्यानं आपली रिकामी बशी पुढे सरकवली. "बाबा, और दीजिए."

मावसाजी खुर्चीवरून खाली उतरले. बसून काय वाढायचं! रांगेच्या मागे उभे राहून आपल्या वाट्याचा प्रत्येक मुटका ते हात लांब करून जावयाच्या बशीत ठेवू लागले. जावई लालबुंद झाला, त्याचा पट्टा एक भोक सैल झाला. पण 'पुरे' काही तो म्हणाला नाही. असे जावई आमच्याकडे शोधूनही मिळत नाहीत.

मुलगी इतका वेळ खाली मान घालून बसली होती. आचाऱ्यानं शेवटचा घास ठेवला आणि मावसाजींनी तो उचलला, तेव्हा तिनं आपली बशी त्यांच्याकडे सरकवली. मुंबईला गेल्यापासून तिच्या तोंडून वडशाची बोली मी ऐकली नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "मले नाई वाढत का?"

भरल्या मांडवातून वरणाची बादली एका हातानं नेणारा हा माणूस, पण तो एवढासा भाताचा घास त्यानं दोन्ही हातांनी धरला. मावसाजींनी तो घास तिच्या बशीत ठेवला, आणि ती तो खाईपर्यंत तिच्या डोक्यावर हात ठेवून तिच्या मागे उभे राहिले.