जावेचे नऊ किलो

मी एकशे बारा किलोची होते, आता चौऱ्याहत्तरच्या आसपास असते. मधलं वजन मी पुण्यात ऑपरेशन करून घालवलं. पोटाची पिशवी कापून केळाएवढी करतात, ते ऑपरेशन. हे आज मी सरळ लिहून टाकते आहे, पण सव्वा वर्ष मला ते कुणाला सांगता आलं नव्हतं. आणि त्या काळात मी माझ्या थोरल्या जावेवर जेवढी जळले, तेवढी आयुष्यात कुणावर जळले नाही.

आमचं घर रंकाळ्यापासून पंधरा मिनिटं चालत. खाली थोरले दीर आणि जाऊ, मागच्या गोठ्यात तिच्या दोन म्हशी, वरच्या मजल्यावर मी आणि माझे मिस्टर. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. माझे वडील कागलकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होते. आई सहीच्या जागी अंगठा लावायची. आमच्या भावकीत कॉलेजात गेलेली मी पहिली. माझ्यासाठी कुणी कुठं शब्द टाकला नाही. बीएस्सी, बीएड, नोकरी, सगळं मी अंगमेहनतीनं मिळवलं. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्याच गर्वापायी ऑपरेशन म्हणजे कॉपी करून पास झाल्यासारखं वाटत होतं. डॉक्टरांनी समजावलं होतं, बाई, हा आजार आहे, यात लाजण्यासारखं काही नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला ते पटलं. माझ्यातल्या पहिल्या नंबरवाल्या पोरीला पटलं नाही.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत घरी सांगितलं, पित्ताशयात खडे झालेत. त्यालाही दुर्बिणीचं ऑपरेशन, त्यालाही पोटावर चार-पाच भोकं. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. खरं काय ते फक्त मिस्टरांना माहीत.

वजन उतरायला लागलं तशी मी माझ्याच अंगात पाहुणी झाले. अरुंद दारातून आडवी होऊन जायची सवय सुटेना. स्कूटरवर बसले तरी मिस्टर मागे वळून विचारायचे, "बसलीस का?" आधी गाडी दबायची, त्यावरून त्यांना कळायचं. हात खाली सोडला की बांगड्या निसटून फरशीवर. शाळेच्या लाकडी खुर्चीत हाडं टोचायची. न्हाणीत केसांचे पुंजके निघायचे. जेवण म्हणजे चतकोर भाकरी, तीही बत्तीस वेळा चावून, आणि वर गोळ्या. दंडाखालचं कातडं रिकाम्या पिशवीसारखं लोंबायला लागलं. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन काट्यावर जायचे तेव्हा बघायचे, उसानं भरलेली ट्रॉली मुकाट्यानं काट्यावर चढायची, आणि रिकामी झाली की परतीच्या रस्त्याला खडखडत जायची. आरशासमोर उभी राहिले की मला ती ट्रॉली आठवायची.

पण बाहेर थाट वेगळाच होता. स्टाफरूममध्ये, गल्लीत, लग्नात, जो तो विचारायचा, काय केलंत मॅडम? "मनावर घेतलं," असं मी म्हणायची. समोरच्या बाईचा चेहरा बारीक व्हायचा. ते बघायची मला चटक लागली.

मार्चमध्ये महिला दिनाला गल्लीतल्या बचत गटानं मला बोलायला बोलावलं. मी फळा मागवला आणि मुद्दे लिहून काढले. पहाटे रंकाळ्याला फेरी. साखर, गूळ, तूप बंद. रात्री फक्त वाटीभर आमटी. जेवताना पाणी नाही. शेवटी म्हणाले, "जिद्द पाहिजे, बाकी काही लागत नाही." टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत माझी जाऊ बसली होती. सगळ्यांत मोठ्यानं तीच वाजवत होती.

जाऊ सातवी शिकलेली, शहाऐंशी किलोची. मी तिला अक्का म्हणते. दुसऱ्या दिवशी पहाटे फाटक वाजलं म्हणून गॅलरीत आले, तर साडीखाली थोरल्या दिरांचे जुने बूट घालून बाई निघालेली.

"अक्का, हे काय?"

"तूच सांगितलंस न्हवं? बघू की माझ्यात जिद हाय का न्हाय."

मी मनात म्हटलं, आठ दिवस.

आठ दिवस गेले, महिना गेला. बाई धारा काढून रंकाळ्याला जायची, येऊन शेण काढायची, भाकरी थापायची. दर रविवारी जिना चढून माझ्याकडं यायची, कारण वजनाचा काटा माझ्याकडं. काट्यावर उभी राहिली की डोळे घट्ट मिटून घ्यायची, निकालाला उभ्या राहिलेल्या पोरीसारखे.

"मला बघवत न्हाय. तूच वाच."

मी वाचायची. चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी. एक्याऐंशी. तिच्या अंगावर कातडं कुठं लोंबत नव्हतं. चालून चालून पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, चेहरा उजळला होता. माझ्या चेहऱ्याकडं बघून मात्र लोक "बारीक झालात" म्हणून झालं की हळूच विचारायचे, "साखर वगैरे नाही ना निघाली?" आणि पाणी भरताना बायका तिला थांबवायला लागल्या. "काय वो अक्का, वळखूच येईनासा!" मी शेजारी उभी असायची. माझं आता सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं.

माझं वजन चौऱ्याहत्तरला अडून बसलं होतं. तिचं एकोणऐंशी झालं. मी गणिताची बाई नाही, पण दिवाळीपर्यंत ती माझ्याखाली जाणार हे मला दिसत होतं. मी सांगितलेल्या खोट्या रस्त्यानं ती खरीच चालत निघाली होती.

श्रावणात तिची एक म्हैस व्याली. आमच्या अक्काला खरवस म्हणजे जीव की प्राण. गूळ, वेलदोडा घालून पातेलंभर केला, गल्लीत वाटला, मला वाटीत आणून दिला. स्वतः बोट लावलं नाही. "गूळ हाय की त्यात." मी एक चमचा खाल्ला आणि पोट भरलं. उरलेल्या वाटीकडं बघत बसले. तिला खाता येत होतं आणि ती खात नव्हती. मला खायचं होतं आणि मावत नव्हतं. त्या दिवशी माझ्या छातीत जी आग पेटली, तिला डॉक्टरांची गोळी चालली नसती.

त्याच रविवारी ती काट्यावर चढली, डोळे मिटले. आकडा होता अठ्ठ्याहत्तर. मी म्हणाले, "ऐंशी."

"वाढलं?"

"थोडं होतं असं."

वडिलांच्या काट्यावर ऊस घेऊन येणारा प्रत्येक शेतकरी आकड्याकडं संशयानं बघायचा. काटा मारला, हा शब्द कुणी काढला की माझा गरीब बाप पेटून उठायचा. घरात एक वेळ शिवी चालायची, तो शब्द चालायचा नाही. त्यांची लेक मी, आणि मी माझ्या जावेचा काटा मारला. पुढच्या रविवारीही ऐंशीच सांगितलं, त्याच्या पुढच्याही. वजन थांबलं की बाई थांबेल असं मी धरून चालले होते. शाळेत मुलांना कारण आणि परिणाम शिकवणाऱ्या मला एवढं कळलं नाही, की आकडा हलेना म्हटल्यावर ती आणखी कमी खाणार.

गणपती बसायच्या आधीचा रविवार. मी चौथ्यांदा ऐंशी सांगितलं. ती खाली गेली. थोड्या वेळानं गोठ्यातून बादली आपटल्याचा आवाज आला. मी पळत गेले. अक्का दावणीला टेकून बसलेली, तोंड पांढरंफटक, दूध सगळं सांडलेलं.

"अक्का! काय झालं?"

"काय न्हाय. डोळ्यापुढं अंधारी आली. काल दुपारपास्नं पोटात काय न्हाय."

"का पण?"

"आकडा हालंना न्हवं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुझं अडतीस गेलं. माझं सा, आणि तितंच थांबलं. शिकल्याल्या बाईचं मनच घट असतंय बघ. आमचं काय, शेणामातीतलं."

हे वाक्य सासरी कुणीतरी म्हणावं म्हणून मी किती वर्षं वाट बघितली असेल. आणि म्हणाली ती अशी, उपाशी पोटी, शेणात बसून. मी स्वयंपाकघरात धावले, तांब्यात गूळपाणी केलं आणि तिच्यापुढं धरलं.

"गूळ हाय न्हवं त्यात?"

"प्या म्हणतो न्हवं अक्का!" बायकांनीही ‘म्हणतो, करतो’ म्हणायची ही आमच्याकडची बोली, कॉलेजात गेल्यापासून ती मी तोंडातून निघू दिली नव्हती. "तुम्ही प्या. मी खोटं बोललो. सगळंच खोटं."

मी तिथंच साडी थोडी खाली करून तिला पोट दाखवलं. पाच डाग. "हे खड्याचं न्हाय. पोट कापून बारीक केलंय. जिद्द न्हाय, काय न्हाय. आणि तुमचं वजन ऐंशी न्हाय. आज सत्त्याहत्तर होतं. मी काटा मारला."

तिनं बोट पुढं करून डाग मोजले. एकदा मोजून पुन्हा मोजले. मग तिच्या हाताची बोटं हलायला लागली.

"शहाऐंशीतनं सत्त्याहत्तर. म्हंजी नऊ?"

"नऊ."

"नऊ किलो गेलं माझं? चालून?"

"व्हय."

तिनं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. मग माझ्या पाठीत एक बुक्की घातली.

"खरवस गेला की गं माझा, सटवे! पातेलंभर केलतो, एक चमचा खाल्ला न्हाय!" ती रडत होती का हसत होती, मला कळलं नाही. "आप्रेशनचं सोड. पोट तुझं, दुखणं तुझं. मला सांगितलं असतंस तर पेज करून घातली असती. पण काटा मारलास? बापाला काय तोंड दाखवशील?"

वडील जाऊन सहा वर्षं झाली होती.

"गटातल्या बायकास्नी सांग," ती उठत म्हणाली. "त्यातल्या दोघी रातच्या उपाशी झोपत्यात तुझ्यापायी. मी कुणाला सांगायची न्हाय. तूच सांगायचं."

बचत गटाची बैठक येईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी रोज ठरवायची, आजारी पडायचं आणि जायचं नाही. शेवटी गेले, कारण ती फाटकाशी चप्पल घालून उभीच होती. मी उभी राहिले, सांगितलं. ऑपरेशन, खड्यांची थाप, फळ्यावरचं भाषण, सगळं. म्हणाले, रात्रीचं जेवण सोडू नका, ते मी सोडलं नव्हतं, मला मावतच नव्हतं. आणि म्हणाले, खरं कमी केलंय ते अक्कांनी. नऊ किलो, चालून.

आता या बायका थुंकतील, असं मी धरून होते. पण एकीनं विचारलं, "दुखतंय का वो लई?" दुसरी म्हणाली, "कुठं करत्यात? माझ्या पोरीला हुईल का?" बघता बघता सगळ्या माझ्याभोवती. मी सांगत होते, जन्मभर गोळ्या आहेत, उलट्या आहेत, केस जातात, ज्याचं त्याचं डॉक्टरांना विचारा. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या. अक्का सतरंजीवर एकटी. कुणीतरी तिच्याकडं बघून म्हणालं, "नऊ व्हय? बरं की." आणि पुन्हा माझ्याकडं वळलं.

घरी येताना ती माझ्या दहा पावलं पुढं. मला तिला गाठता येईना, दम लागला.

"थांबा की अक्का."

"ह्यातबी तूच म्होरं," ती मागं न बघता म्हणाली. "खोटं बोललीस तरी तूच, खरं बोललीस तरी तूच."

खरं सांगायचं आता ठरवलंच आहे तर हेही सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं. घरी पोचेपर्यंत बरं वाटत होतं. मग लाज वाटली.

दिवाळीच्या तोंडावर दुसरी म्हैस व्याली. रविवारी सकाळी अक्का जिना चढून आली, हातात ताट, ताटात दोन वाट्या. एक काठोकाठ भरलेली, एकीत चमचाभर. चमचाभराची माझ्यापुढं सरकवली आणि समोर मांडी घालून बसली.

"बस. माझ्याम्होरं खायचं."

माझा चमचा कधीच संपला. ती सावकाश खात होती, सुरीनं पाडलेली एकेक वडी तोंडात विरघळू देत, मध्येच डोळे मिटून. मी तिच्या वाटीकडं बघत होते. अंगावर नवा ब्लाऊज, गळ्याशी दोन हाडं नीट दिसायला लागलेली, आणि पोटात सगळा खरवस मावतोय. त्या वाटीसाठी मी माझं अख्खं अडतीस किलो परत घेतलं असतं.

"देऊ आणि?"

"मावत नाही."

"मग बघ."

तिनं वाटी बोटानं पुसून चाटली. हात धुतला. काट्यावर चढली, या वेळी डोळे उघडे ठेवून, आणि स्वतःच मोठ्यानं वाचलं, "पंच्याहत्तर." मग खाली उतरली आणि मला म्हणाली, "आता तू चढ, मास्तरीनबाई. डोळं मिट. मी वाचतो."

मी चढले. डोळे मिटले. ती वाकली, तिच्या श्वासाला वेलदोड्याचा वास होता.

"शहात्तर," ती म्हणाली.

आदल्या दिवशीच मी चौऱ्याहत्तर बघितलं होतं. खाली बघावं म्हणून मान शिवशिवत होती. मी खाली न बघताच उतरले.